दफनविधीतला पंधरावा अध्याय

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये ख्रिस्ती दफनविधी असला की सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे. पारा चाळिशीपार, पुण्या-मुंबईची माणसं अजून गाडीत, पेटीत बर्फ. मग कात्री लागते ती शास्त्रवाचनाला, म्हणजे बायबल वाचण्याला. भाषणं मात्र होतातच. हे उलट व्हायला हवं. आठवणी सांत्वनसभेत सांगता येतील. कबरेपाशी १ करिंथ १५ (प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय) मधली निदान ३५ ते ५८ ही वचनं वाचलीच पाहिजेत. चार-पाच मिनिटं लागतात. घरात तेलुगू बोलणारी मंडळी असतील, तर त्या भाषेत वाचणारा आधीच ठरवून ठेवावा.

हा आग्रह अशासाठी की आपल्यातल्या पुष्कळांच्या मनात विश्वासाचा अर्धाच भाग असतो: आत्मा स्वर्गात गेला, संपलं. विश्वासात मेलेला माणूस लगेच प्रभूजवळ असतो, हे खरंच आहे. वधस्तंभावरच्या चोराला प्रभूने ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ असं वचन दिलं (लूक २३:४३) आणि पौलालाही देह सोडून ख्रिस्ताजवळ जाणं अधिक चांगलं वाटत होतं (फिलिप्पै १:२३). पण ती शेवटची अवस्था नव्हे. ख्रिस्त परत येईल तेव्हा शरीरही उठवलं जाईल. मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हणतो त्या विश्वासाच्या कबुलीत, आपण ‘शरीराचे पुनरुत्थान’ म्हणतो ते हेच. पौल त्यासाठी गव्हाच्या किंवा दुसऱ्या कुठल्या दाण्याचा दाखला देतो. आपण ज्वारी घेऊ. कणीस दाण्यासारखं दिसत नाही, पण ते त्याच दाण्याचं असतं. म्हणून देह मातीत ठेवताना आपण तो टाकून देत नसतो.

आणखी एक चूक मन दुखावणारी आहे. विधवा बाईला ‘रडू नका, ते प्रभूच्या घरी गेले’ असं दटावतात. १ थेस्सल ४:१३ आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका म्हणतं. शोकच करू नका असं म्हणत नाही. मेलेल्या लाजराला उठवायला निघालेला येशू स्वतः रडला (योहान ११:३५). बाईंना रडू द्यावं.

घरात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही असतील तर आधी बोलून घ्यावं. कॅथलिक मंडळी मृताच्या आत्म्यासाठी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करतात आणि २ नोव्हेंबरला कबरींवर प्रार्थना करतात. प्रोटेस्टंट पाळक सहसा मृतासाठी नव्हे, मागे राहिलेल्यांसाठी प्रार्थना करतात. दहनाला कॅथलिक चर्चने १९६३ साली मुभा दिली; मात्र राख विखुरू नये किंवा घरी ठेवू नये, असं २०१६ मध्ये स्पष्ट केलं.

आता खड्डा. साधारण सात फूट लांब, तीन फूट रुंद, पाच-सहा फूट खोल. जुन्या रिवाजाप्रमाणे डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. काढलेली माती काठापासून दोन फूट तरी लांब टाकावी. तिच्या वजनाने काठ ढासळतो आणि पावसाळ्यात ओली काळी माती तर लगेच सुटते. पेटी दोन दोरांवर चौघांनी एकाच वेळी सोडावी. एक बाजू आधी गेली की पेटी कलते आणि नातेवाइकांचा थरकाप होतो. पेटी तळाशी टेकल्यावर ‘मातीस माती, राखेस राख, धुळीस धूळ’ हे शब्द आणि मूठमाती, त्यानंतर भराव. दर फुटाला माती दाबत जावी आणि वर फूटभर उंचवटा ठेवावा.

पक्कं बांधकाम मात्र एक पावसाळा जाईपर्यंत करू नये. काळी माती पाण्याने फुगते, उन्हात आकसून भेगाळते. त्यात भरावही खचतो. वर्षश्राद्धासारखी तारीख धरून घाईने बसवलेली फरशी हमखास तडकते किंवा कलते.

मृत्यूची नोंद महापालिकेकडे २१ दिवसांच्या आत झालीच पाहिजे. मरण घरी झालं असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा दाखला लागतो. बाप्तिस्म्याचं नाव एक आणि आधारवरचं दुसरं, असं आपल्याकडे सर्रास असतं. दाखल्यावर आधारप्रमाणेच नाव घालावं, नाहीतर बँक आणि पेन्शनचं काम अडतं. चर्चच्या दफन नोंदवहीत दोन्ही नावं लिहावीत.