गंगेचा गडू

"बाई, नीती पोथीतून येते की मनातून?" शाळेत मी चौतीस वर्षं संस्कृत शिकवलं. त्यामुळे जुन्या विद्यार्थ्यांपासून सोसायटीतल्या शेजाऱ्यांपर्यंत कुणी ना कुणी हा प्रश्न घेऊन येतं. पुष्कळांनी उत्तर आधीच ठरवलेलं असतं. ते तुकोबांची ओळ म्हणून दाखवतात, 'सत्य असत्याशी मन केलें ग्वाही', आणि माझ्या होकाराची वाट पाहतात. या वेळी तुम्ही विचारलंत, म्हणून आजीच्या विहिरीची गोष्ट सांगते.

१२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही. मी आठ वर्षांची होते. आमचा वाडा सदाशिव पेठेत, पेरूगेटाजवळ. तिथवर पाणी आलं नाही, पण नारायण पेठ, शनिवार पेठ, कसबा इथली नदीकाठची घरं गेली. आणि धरणच नाही म्हटल्यावर शहराचे नळ कोरडे पडले. उरल्या त्या वाड्यांमधल्या जुन्या विहिरी.

आजी कडक सोवळ्याची. एरवी बिऱ्हाडकरूंनासुद्धा तिला विचारल्याशिवाय रहाटाला हात लावता येत नसे. त्या दिवशी तिने दिंडी दरवाजा सताड उघडला आणि स्वतः पाणी शेंदायला उभी राहिली. लोक हंडे, कळशा, पत्र्याचे डबे घेऊन येत होते. कोण, कुठले, तिने कुणालाच विचारलं नाही. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "काकू, कोणकोण येतंय बघताय ना?" आजी म्हणाली, "बघतेय. म्हणून तर दुसरा दोर आणायला पाठवलंय." संध्याकाळपर्यंत तिच्या तळहातांची सालं निघाली होती.

मग नळ आले. एका सकाळी आजीने देवघरातला काशीहून आणलेला गंगेच्या पाण्याचा, तोंड झाळून बंद केलेला गडू काढला, फोडला आणि विहिरीकडे निघाली. मी मागे मागे. "आजी, पाणी घाण झालंय का?" "नाही गं. मनाला बरं वाटावं म्हणून." शेवटची धार तिने माझ्या हातून सोडवली. मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता!

दरवाजा उघडणारं मन आणि गडू फोडणारं मन एकाच बाईचं होतं. दोन्ही वेळा ती मनापासून वागली. म्हणून 'आतला आवाज' हे उत्तर मला पुरत नाही.

पोथीचं म्हणाल, तर मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात धर्माची चार लक्षणं दिली आहेत. वेद, स्मृती, सदाचार, आणि चौथं 'स्वस्य च प्रियमात्मनः', आपल्या मनाला जे पटेल ते. म्हणजे मनाला तिथेही जागा आहे, पण रांगेत शेवटची. शास्त्राने दोन वाटा मोकळ्या ठेवल्या असतील तिथेच मनाचा कौल घ्यावा, असं टीकाकारांनी ती आणखी आवळली. आणि त्याच ग्रंथात शूद्रांबद्दल जे लिहिलंय ते वर्गात वाचताना माझा आवाज बसायचा. ते मला कधीही मान्य झालं नाही, होणार नाही.

कॉलेजात असताना महाडच्या सत्याग्रहाबद्दल वाचलं. २० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली. नंतर सनातन्यांनी ते तळं शुद्ध करून घेतलं. तिथे मी पुस्तक मिटलं. डोळ्यांपुढे तो गडू आला, आणि त्यावर माझा हात. दहा-अकरा वर्षं माझ्या मनाने मला एका शब्दाने टोकलं नव्हतं. आमच्या वाड्यापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, गंज पेठेत, जोतीरावांनी १८६८मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. तेही आमच्या घरात कधी कुणी बोललं नव्हतं.

तुकोबांचा शब्द 'ग्वाही' आहे. ग्वाही म्हणजे साक्षीदार. साक्षीदार पाहिलेलं, ऐकलेलंच सांगणार. माझ्या मनाला ज्यांचं काही ऐकूच दिलं नव्हतं, त्यांच्या बाजूने ते काय साक्ष देणार? पोथी आणि मन यांचं भांडण झालं तर मी मनाच्या बाजूने उभी राहते, अगदी ठामपणे. पण ते मन कुणाकुणाच्या शेजारी बसून मोठं झालं, हे आधी विचारते.

आजीला मी दोष देऊ शकत नाही. महाडचं वाचलं तेव्हा ती जाऊन चार वर्षं झाली होती, त्यामुळे तिच्याशी बोलायचं राहून गेलं.

त्या गर्दीतली एक बाई मात्र आठवते. कडेवर मूल होतं. कळशी जमिनीवर ठेवून ती लांब सरकून उभी राहिली, वरून पाणी ओतलं जाण्याची वाट पाहत. आजी म्हणाली, "अगं, पुढे ये की." ती दोन पावलं पुढे आली आणि थांबली. त्या बाईने पुन्हा येऊन मला गडू उपडा करताना पाहिलं असतं, तर मी तिला काय म्हणाले असते?