पिंपळनेरच्या पुढे, भोवाड्याच्या रात्री

साक्री सोडली की सुरत रस्त्यावरच्या ट्रकांची रांग मागे पडते आणि पिंपळनेरच्या पुढे डोंगर जवळ सरकतात. वैशाखात या पश्चिम पट्ट्यातल्या कोकणा आदिवासींच्या वस्त्यांत भोवाडा, म्हणजे मुखवटे घालून रात्रभर चालणारा सोंगांचा नाच, होतो. तो बघायलाच मी धुळ्याहून निघालो होतो.

संबळ वाजला आणि आधी गणपती आला. मग एकेक सोंग येत गेलं. चेहऱ्यावर लाकडी मुखवटा, त्याच्या वजनाने मान ताठ झालेली, पाय मात्र संबळाच्या ठेक्यावर पडणारे. माझ्या शेजारी साक्रीहून पाहुण्या आलेल्या आजी नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ‘‘हाऊ कोन शे?’’ पोरगं दर सोंगाला विचारायचं. आजी नाव सांगायच्या आणि त्यामागची गोष्टही. रावण आला तेव्हा त्यांना सांगावं लागलं नाही, पोरगंच ओरडलं. अक्षर न गिरवलेल्या कितीतरी पिढ्यांना रामायण असंच पाठ झालं असणार.

त्या गर्दीत मला जोतीराव फुले आठवले. सांगलीत विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’, मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक, झालं १८४३ साली. त्यानंतर बाराच वर्षांनी, १८५५ मध्ये, फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. त्यात देव-दानव नाहीत. एक कुणबी, त्याची गरोदर बायको आणि ग्रहांची भीती घालून त्यांना लुबाडणारा जोशी आहे. मध्ये मध्ये विदूषक प्रेक्षकांच्या बाजूने बोलतो, जोशाचा डाव उघडा करतो. शेवटी ते जोडपं फुल्यांच्या रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतं. म्हणजे नाटक संपतं तिथून वर्ग सुरू होतो! पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारलं आणि छापून यायला १९७९ उजाडलं. एवढा काळ ते लोकांपुढे आलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पुढे फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतल्या जलशांनी, म्हणजे तमाशाच्या ढंगाच्या प्रबोधनाच्या खेळांनी, तीच वाट धरली: आधी गण-गौळण, लोक जमले की वगातून सावकारी, अंधश्रद्धा आणि शिक्षणाची गोष्ट.

उजाडता उजाडता गावातल्या शाळेच्या गुरुजींसोबत चहा घेतला. ‘तृतीय रत्न’ इथल्या बोलीत पोरांकडून करवून घ्या, असं मी त्यांना कळकळीने म्हटलं. गुरुजींनी थोडा विचार केला.

‘‘करू या. पण विदूषक मोठ्या माणसातला घेऊ, भोवाड्यात नाचणारा. लोक त्याचं ऐकतात.’’