करपा बागेत, इशारा मुलाला

शेतीची खते-औषधे विकणाऱ्या एका कंपनीच्या मोबाइल ॲपची गावोगावी चाचणी घेण्याचे काम मी करते. केळी उत्पादकांसाठी केलेले नवे ॲप घेऊन रावेर तालुक्यातील एका गावात गेले, तेव्हा पहिली नोंदणी एका बाईंची झाली. पती वारल्यापासून सातबारा त्यांच्या नावावर आहे. मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावायच्या केळीची लागवड, ठिबकमधून खत सोडणे, बुंध्याशी फुटणारी पिले कापणे आणि व्यापाऱ्याशी भाव ठरवणे, हे सारे त्याच पाहतात.

नाव, गाव भरून झाल्यावर ॲपने ‘पुरुष की स्त्री’ असे विचारले. त्यांनी ‘स्त्री’वर बोट ठेवताच पडदा गुलाबी झाला आणि परसबाग, केळीच्या वेफर्सची कृती, बचत गटांच्या योजना अशी पाने समोर आली. त्यांनी पडदा बराच वेळ वरखाली सरकवला आणि विचारले, “ताई, रावेरचा भाव कुठे आहे यात?” मलाही तो सापडेना. म्हणून जळगावला शिकणाऱ्या, सुटीत घरी आलेल्या त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर ‘पुरुष’ निवडून नोंदणी केली, तर बाजारभाव, खतांचे वेळापत्रक आणि करपा रोगाचा इशारा पहिल्याच पानावर हजर. बाईंनी दोन्ही मोबाइल शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाल्या, “बाग मी पाहते, आणि करप्याचं त्याला सांगतंय हे.”

गुलाबी रंगाचा राग मी गिळला असता. पण पावसाळी दमट हवेत करपा झपाट्याने पसरतो, पाने वाळली की घड नीट भरत नाही आणि फवारणीला झालेला उशीर थेट वजनात व भावात दिसतो. ज्या व्यक्तीने फवारणीचा निर्णय घ्यायचा, तिच्यापासूनच हा इशारा दूर ठेवणे म्हणजे तिच्या उत्पन्नाला हात लावणे आहे.

कार्यालयात हे मांडल्यावर उत्तर मिळाले की आधीच्या आवृत्तीत स्त्रिया भावाचे पान क्वचितच उघडत होत्या, म्हणून ते काढले. आकडे खोटे नव्हते. मात्र या भागात अनेक घरांत नोंदणी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या क्रमांकावर होते, त्यामुळे बाईने पाहिलेला भावही पुरुषाच्या खात्यात मोजला जातो. अशा मोजणीतून बायकांना भावात रस नाही असा निष्कर्ष काढायचा आणि त्याच्या आधारे पान काढून टाकायचे, हे मला अजिबात मान्य नव्हते व तसे मी स्पष्ट बोलले. भारतीय जाहिरात मानक परिषदेने 2022 मध्ये लिंगभावाच्या साचेबंद चित्रणाविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. एखादी भूमिका जणू स्त्रीची किंवा पुरुषाचीच आहे असे जाहिरातीने सुचवू नये, असे त्यांत म्हटले आहे. ती तत्त्वे जाहिरातींसाठी असली, तरी ॲपच्या पानांची रचनाही ग्राहकाला तेच सांगत असते, हा माझा मुद्दा होता.

अहवालात मी सुचवले की लिंगाचा प्रश्न नोंदणीतून काढावा आणि बाग मृगबाग की पावसाळ्यानंतर लावलेली कांदेबाग, लागवड कधीची, पाणी ठिबकने की पाटाने, एवढेच विचारून पाने ठरवावीत. हा बदल पुढच्या आवृत्तीसाठी मान्य झाला आहे. प्रचाराच्या फलकावर मात्र अजूनही पुरुष बागेत उभा आहे आणि बाई त्याच्यासाठी डबा घेऊन येते आहे. तो फलक बदलण्याचा प्रस्ताव मी जाहिरात विभागाकडे दिला असून त्यावर निर्णय व्हायचा आहे.