आकडे जुळले, आता कान

एक ट्रॅक संपता संपता दुसरा त्यात मिसळायचा, हे डीजेचं काम. टेक हाऊस या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतात त्यासाठी वेगाचं भांडण जवळजवळ नसतंच. बहुतेक ट्रॅक १२२ ते १३० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला तेवढ्या ठोक्यांच्या, आसपास घोटाळत असतात; एकाला जरा ढकललं, दुसऱ्याला जरा रोखलं की दोघं एका लयीत येतात. वर दोघांचा वेग आपोआप जुळवणारं सिंकचं बटण आहेच. तरी कधीतरी ते बंद करून ऐकावं. एक ट्रॅक १२८ वर, दुसरा १२८.१ वर. सुरुवातीला दोन्ही किक, म्हणजे ड्रमचे जाड ठोके, एकमेकांवर चपखल बसतात. मिनिटभरात त्यांच्यात साधारण ४७ मिलिसेकंदांचं अंतर पडतं आणि ‘धप्’चं ‘धधप्’ होतं. नाचणाऱ्याला कारण कळत नाही, पाय मात्र अडखळतो.

लय जुळली की नजर पट्टीकडे वळते. सॉफ्टवेअरने प्रत्येक ट्रॅकपुढे ८ए, ९ए, ५बी असं काहीतरी लिहून ठेवलेलं असतं. ही कॅमेलॉट चक्राची भाषा. पाश्चात्त्य संगीतातलं पंचमांचं वर्तुळच, फक्त घड्याळाच्या तबकडीसारखं मांडलेलं: बारा आकडे, ए म्हणजे मायनर पट्टी, बी म्हणजे मेजर. ८ए म्हणजे ए या सुरावरची मायनर पट्टी, ए मायनर. शेजारचा ९ए म्हणजे ई मायनर, षड्जापासून पंचमाइतका दूर, आणि दोघांच्या सातांपैकी सहा सूर तेच. म्हणून शेजारच्या घरात बिनधास्त जावं. ८ए आणि ८बीत तर सातही सूर तेच. स्वरशास्त्राचा गंध नसलेल्यालाही हे चटकन वापरता येतं, त्यामुळे माझी तक्रार चक्राविषयी नाहीच; त्यावर डोळे लावून कान बंद करणाऱ्यांविषयी आहे.

कारण या संगीतात पट्टी असते तरी किती? ड्रम, टाळ्या, हाय-हॅट, दोन-तीन सुरांवर घुटमळणारा बास आणि कापून-चिरून पुन्हा जोडलेला एखादा आवाज. एवढ्यावरून सॉफ्टवेअरने पट्टी ओळखायची. एकाच ट्रॅकला दोन सॉफ्टवेअर दोन आकडे देतात, आणि त्यात नवल काहीच नाही. खरी पट्टी बहुतेकदा बासमध्येच दडलेली असते, आणि भांडणही तिथेच होतं.

एका ट्रॅकचा बास खालच्या ए वर आहे, म्हणजे ५५ हर्ट्झ. दुसऱ्याचा त्याच्या लगतच्या सुरावर, सुमारे ५८ हर्ट्झ. अर्धस्वराचा फरक, पण दोघांत छत्तीसचा आकडा. एकत्र वाजले की सेकंदाला तीनदा आवाज फुगतो नि बसतो, मोठ्या स्पीकरवर पोटात कसंतरीच होतं. हेडफोनवर ते अनेकदा जाणवतही नाही. पट्ट्या एकच असल्या तरी दोन बास एकाच वेळी चालवू नयेत, हे माझं ठाम मत. येणाऱ्या ट्रॅकचा लो, म्हणजे मिक्सरवरची बासची कळ, आधीच पूर्ण खाली. जाणाऱ्याचे बत्तीस ठोके संपून सम आली की एक लो खाली, दुसरा वर, एकाच हालचालीत. १२८ बीपीएमला बत्तीस ठोके म्हणजे बरोबर १५ सेकंद. तेवढ्यात हाय-हॅटही हळूहळू बदलून घेता येतात. समेच्या चार ठोके आधी लो फिरवला तर पट्टी कितीही जुळलेली असो, सगळं ओमफस.

आणि पट्टी तरी जागेवर कुठे राहते? ग्रामोफोनच्या तबकडीवर वेग वाढवला की सूरही चढायचा, सुमारे ६ टक्क्यांना अख्खा अर्धस्वर. टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके२ या टर्नटेबलचा वेग बदलणारा पिच स्लायडर ८ टक्के वर-खाली जातो, म्हणजे अर्धस्वर सहज ओलांडता येतो. १२४चा ट्रॅक १२८ वर नेला की सूर अर्ध्या अर्धस्वराहून किंचित जास्त सरकतो आणि त्याच्यापुढचा ८ए खोटा ठरतो: धड जुन्या पट्टीत नाही, धड पुढच्या पट्टीत नाही. की लॉक लावलं तर सूर हलत नाही, पण जास्त ताणलं की किकची धार बोथट होते, आणि टेक हाऊसमध्ये किकची धार गेली तर उरलं काय! एखाद्या बीपीएमचाच प्रश्न असेल तर मी लॉक काढूनच टाकतो. अर्धस्वराच्या सातव्या हिश्श्याने कुणाचं काही बिघडत नाही.

चक्रावर न बसणारी एक उडी मला फार आवडते: ८एवरून थेट ३ए. घरं मोजली तर सात पुढे, कानाला मात्र फक्त अर्धस्वर वर. म्हणजे मघाचेच ते दोन बास, ५५ आणि ५८. पण जाणाऱ्याचा बास पूर्ण काढून टाकायचा, काही वेळ नुसते ड्रम खेळवायचे, तेवढ्यात आधीचा सूर कानातून पुसला जातो. मग समेवर नवा बास सोडायचा. वेग तोच, किक तशीच, तरी सगळं एक पायरी वर चढतं, आणि समोर कुणीतरी हात वर करतंच. सॉफ्टवेअरच्या लेखी ही जोडी जुळतच नाही.