मार्जिन

मे महिन्यात सोलापुरात अंगाची लाही होत असते, आणि शाळा तोंडावर आल्याने आमच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात कुणाला मान वर करायला फुरसत नसते. अशातच बाहेरगावचे एक व्यापारी आले. नमुन्याची पँट उलटी करून बघितली आणि म्हणाले, “मास्तर, एवढं मार्जिन कशाला?”

आमच्या धंद्यात मार्जिन दोन. कटिंगच्या टेबलावर शिवणीच्या आत राखलेलं कापड ते एक, आणि खर्च वजा जाता हाती उरतं ते दुसरं. त्यांना पहिलं कापून दुसरं वाढवायचं होतं. पायाची २ इंचांची दुमड पाऊण इंचावर आणा म्हणाले. हिशेब खोटा नव्हता. ३६ इंच कापणीच्या पँटीत सव्वा इंच वाचला, की साडेतीन टक्के कापड वाचतं. हजारांच्या ऑर्डरीत ही रक्कम मोठी होते.

पण तो सव्वा इंच पोराच्या हक्काचा असतो. शाळकरी मूल वर्षाला ५-६ सेंटिमीटर वाढतं, त्यातली निम्मी वाढ तरी पायांत. दुमड उसवून पाऊण इंच परत मुडपलं, तर ३ सेंटिमीटर लांबी मिळते. म्हणजे एक अख्खं वर्ष निघतं. जुन्या घडीची रेघ दिसते खरी, आतला रंगही जरा गडद असतो, पण घोटे उघडे पडत नाहीत.

“नवी घेतील की,” शेठ म्हणाले.

मशीनवरच्या आमच्या बायका बहुतेक सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. त्यातल्या एका अक्कांनी मशीन थांबवलं. “नवी कुठनं घ्यायची शेठ? थोरल्याची दुमड सोडून वापरली, आता तीच धाकट्याला घालतोय.”

मी मार्कर, म्हणजे कापडावर कुठला तुकडा कुठे बसवून कापायचा त्याचा कागदी आराखडा, काढून टेबलावर पसरला. मोठ्या मापांच्या मधल्या फटींत लहान मापांचे तुकडे बसवून दाखवले, बाजूची शिवण अर्ध्यावरून तीन अष्टमांश इंचावर आणली. कडेचे धागे सुटू नयेत म्हणून घालतात ती ओव्हरलॉक शिलाई असल्यावर तिथे तेवढं पुरतं. मागितलं तेवढं नाही, पण बरंच कापड वाचलं, आणि पायाची दुमड २ इंचच राहिली.

मागच्या आसनाच्या शिवणीपाशी मात्र शेठ हटले नाहीत. कमरेशी सव्वा इंच ठेवत होतो, तिथे पाऊणच राहिला. बसता-उठता सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो, आणि पोरगं अंगाने भरलं की सोडायलाही तिथलंच कापड लागतं. मला हे अजून पटलेलं नाही. पुढच्या सीझनला ते आले, की आधी तोच विषय काढणार आहे.