केसाला बांधलेले आमिष : इंग्लंडच्या तळ्यावरून

इंग्लंडमध्ये राहायला आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मला एका दृश्याचा उलगडा होत नव्हता. तळ्याकाठी हिरव्या तंबूत दोन-दोन दिवस मुक्काम करणारी माणसे मोठा मासा पकडत, तो तोलत, त्याचे छायाचित्र काढत आणि पुन्हा पाण्यात सोडून देत. आम्ही राहतो तेथून कॉट्सवोल्ड वॉटर पार्क जवळ आहे. टेम्स नदीच्या वरच्या खोऱ्यात बांधकामासाठी खडी आणि वाळू उपसून झाल्यावर उरलेल्या खाणींत पाणी साचून तेथे शंभराहून अधिक तळी तयार झाली आहेत आणि त्यांतील अनेक तळ्यांत कार्प मासे आहेत. आमच्या शेजारचे निवृत्त गृहस्थ जवळपास चाळीस वर्षे कार्पच्या मागे आहेत. त्यांच्याबरोबर मी आधी कुतूहलापोटी गेले, मग शिकण्यासाठी गेले आणि गेली चार वर्षे स्वतःच्या दोन काठ्या घेऊन जाते. गळाने मासे धरण्यात इतके बारीक विचार असू शकतात, याची मला कल्पना नव्हती. ते विचार घरच्या वाचकांपर्यंत पोहोचावेत म्हणून हे लिहीत आहे.

सारा खटाटोप समजून घ्यायचा असेल, तर आधी या माशाचे तोंड समजून घ्यावे लागते. कार्प हा आपल्या कटला-रोहूच्याच कुळातला. त्याच्या जबड्यात दात नसतात. जे असतात ते घशात, आणि त्यांनी तो शिंपले, गोगलगायी सहज चिरडतो. ओठ पुढे नळीसारखे लांबवून तो तळाचा गाळ आत ओढतो, ओठांजवळच्या मिशांच्या दोन जोड्यांनी आणि तोंडातल्या संवेदनशील त्वचेने त्यातले खाण्याजोगे काय ते पारखतो आणि उरलेले फुंकून बाहेर टाकतो. ही ओढण्याची आणि फुंकण्याची क्रिया दिवसभर चालते. त्यामुळे गळावरच खोचलेला दाणा तोंडात आला आणि तो इतर दाण्यांपेक्षा जड किंवा ताठर वाटला, की मासा तो क्षणात थुंकतो, आणि काठावर बसलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

हे कोडे इंग्लंडमध्ये बराच काळ सुटले नव्हते. 13 सप्टेंबर 1952 रोजी रिचर्ड वॉकर यांनी हेरफर्डशरमधल्या रेडमायर या लहानशा तळ्यात 44 पौंडांचा, म्हणजे सुमारे 20 किलोंचा कार्प धरला, तेव्हा त्यांचे आमिष साधा पाव होते. तो मासा लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील मत्स्यालयात नेऊन ठेवण्यात आला आणि तेथे बरीच वर्षे जगला. रात्रीच्या अंधारात दोऱ्याची हालचाल कळावी म्हणून विजेवर वाजणारी घंटाही वॉकर यांनीच तयार केली होती; आज प्रत्येक कार्पवाल्याच्या काठीखाली जो बीप वाजतो, त्याचे मूळ तेथे आहे. त्यांचा विक्रम 1980 पर्यंत टिकला. त्या वर्षी त्याच रेडमायर तळ्यात ख्रिस येट्स यांनी साडेएक्कावन्न पौंडांचा मासा धरला, तोही मक्याच्या दाण्यांवर.

मात्र खरा बदल घडवला तो 1970 च्या दशकाच्या अखेरीस लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी. आमिष गळावर खोचायचेच नाही, ते गळाच्या बाहेर एका केसाला बांधायचे, ही त्यांची कल्पना. केस इतका लवचीक असतो, की मासा आमिष ओढतो तेव्हा ते मोकळ्या दाण्यासारखे आत जाते आणि मागोमाग उघडा गळही आत जातो. मासा फुंकतो तेव्हा आमिष बाहेर निघू पाहते, पण गळाचे टोक खालच्या ओठात अडकते. माशाचीच पारखण्याची सवय येथे त्याच्याविरुद्ध वापरली जाते. सुरुवातीला खरोखरच माणसाचा केस वापरत, म्हणून या बांधणीला हेअर रिग म्हणतात. आता त्या जागी बारीक विणलेला दोरा असतो, पण नाव केसाचेच राहिले.

आज बहुतेक जण हा केस वेगळा बांधत नाहीत. गळाला जोडायच्या दोऱ्याच्याच एका टोकाला लहानसा फास करून, तो केस म्हणून मोकळा ठेवून, उरलेला दोरा गळाच्या नेढ्यातून मागच्या बाजूने घेऊन दांडीभोवती सात-आठ वेढे देतात आणि मग तोच दोरा पुन्हा नेढ्यातून मागून पुढे ओढून घट्ट करतात. यात एकही गाठ नसते, म्हणून तिचे नाव नॉटलेस नॉट. दोरा नेढ्यातून कोणत्या बाजूने बाहेर पडतो याला फार महत्त्व आहे, कारण त्यावर गळ उलटून टोक खाली वळणार की नाही, हे ठरते. मी पहिल्या वर्षी दोरा उलट बाजूने काढत होते. शेजाऱ्यांनी बांधलेला गळ तळहातावर ठेवून ओढला की तो लगेच वळून कातडीला टेकायचा, माझा नुसताच घसरत यायचा. ही तळहातावरची परीक्षा मी अजून प्रत्येक गळाची घेते. टोक नखावर हलके टेकवून ओढल्यावर ते घसरले, तर तो गळ बोथट समजून टाकून द्यायचा, हा त्यांचा दुसरा नियम, आणि तो पाळायला महाग असला तरी मला तो पटतो.

आमिष आणि गळाचा बाक यांत किती अंतर ठेवावे यावर वाद चालतात. पंधरा मिलिमीटरच्या गोळीसाठी मी पाच-सहा मिलिमीटर ठेवते. गळ सहा क्रमांकाचा आणि त्याच्या पुढचा दोरा साधारण वीस सेंटिमीटर, इतके मला बहुतेक ठिकाणी पुरते. नवशिक्याने दहा प्रकारच्या बांधण्या शिकण्यापेक्षा एकच नीट बांधावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

केसाच्या जोडीला जड शिसे आले, तेव्हा ही पद्धत पूर्ण झाली. दोन ते चार औंसांचे वजन गळाच्या दोऱ्याच्या वरच्या टोकाशी घट्ट बसवलेले असते. ओठाला टोचल्यासारखे वाटताच मासा दचकून पळू पाहतो, आणि त्या झटक्यातच वजनाच्या ओढीने गळ खोल रुततो. याला बोल्ट रिग म्हणतात. काठीला झटका देण्याची गरज राहत नाही. घंटा सलग वाजू लागते आणि रिळावरून दोरा धावतो. या झटक्याने काठी पाण्यात ओढली जाऊ नये म्हणून रिळाला असा खटका असतो, की तो लावला की दोरा मोकळा फिरतो आणि मूठ फिरवताच पुन्हा पकड येते.

पण या वजनातच सर्वांत मोठा धोका आहे. मुख्य दोरा कोठे तुटला आणि वजन गळाशी पक्केच राहिले, तर मासा ते ओढत फिरतो, पाणवनस्पतींत किंवा बुडालेल्या फांद्यांत अडकतो आणि तेथेच मरतो. म्हणून वजन एका प्लॅस्टिकच्या चिमट्यात बसवतात. वर रबराची टोपी हलकेच सरकवलेली असते आणि ताण आला की वजन निसटून पडते. पहिल्या हंगामात मी फेकताना वजन गळून पडू नये म्हणून ती टोपी जोर लावून घट्ट बसवली होती. खडीच्या उंचवट्याच्या धारेवर दोरा घासून तुटला आणि मासा सगळे घेऊन गेला. शेजाऱ्यांनी मला दोष दिला नाही; त्यांनी माझी दुसरी काठी बाहेर काढायला लावली, चिमटा माझ्या हातात दिला आणि वजन ओढून काढायला सांगितले. मला ते दोन्ही हातांनीही निघेना. तो मासा पुढे सुटला की नाही, हे मला कधीच कळणार नाही. तेव्हापासून पाण्यात टाकण्यापूर्वी प्रत्येक वजन मी एका हाताने ओढून पाहते, आणि अनेक तळ्यांवरचे देखरेख करणारेही येऊन हीच चाचणी घेतात.

शिशाबद्दल येथे एक कायदाही आहे. हंसांना शिशाची विषबाधा होत असल्याचे दिसून आल्यावर 1987 पासून 0.06 ग्रॅम ते 28.35 ग्रॅम, म्हणजे एका औंसापर्यंतची शिशाची वजने गळमासेमारीसाठी वापरण्यास बंदी आली. कार्पची वजने त्याहून जड असल्याने ती बंदीत येत नाहीत. तरीही प्रत्येक माशामागे एक वजन तळाशी सोडण्याची काहींची सवय मला खटकते. पाणवनस्पती दाट असतील तेथे ते आवश्यकच आहे, स्वच्छ तळावर मात्र नाही.

आमिषाची पिशवी उघडली, की आमच्या स्वयंपाकघराचा वास बदलतो. बोईली नावाच्या उकडलेल्या गोळ्या 1970 च्या दशकात फ्रेड विल्टन यांच्या पौष्टिक आमिषाच्या विचारातून पुढे आल्या. माशाला पोषक वाटणारे अन्न तो पुन्हा पुन्हा शोधत येतो, असे त्यांचे म्हणणे होते. मी माशाचे पीठ, सोयाबीनचे पीठ आणि रवा अंड्यांत मळून, त्याच्या एकसारख्या आकाराच्या गोळ्या वळून, उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे टाकते आणि मग कापडावर दोन दिवस वाळवते. उकडल्याने बाहेर कठीण साल तयार होते, त्यामुळे लहान मासे ती कुरतडू शकत नाहीत आणि गोळी रात्रभर केसावर टिकते. अंडी जास्त झाली तर गोळी रबरासारखी होते आणि तिचा वास पाण्यात उतरत नाही. हे जमायला मला एक हिवाळा लागला.

मका, भांगेचे बी, काबुली चणे यांसारखे दाणे स्वस्त आणि गुणी आहेत, पण त्यांत हयगय चालत नाही. कोरडा दाणा माशाच्या पोटात फुगून त्याला इजा करू शकतो, म्हणून ते चोवीस तास भिजवून मग अर्धा तास उकळावे लागतात. अनेक तळ्यांवर सुक्या मेव्यासारख्या कठीण दाण्यांना म्हणूनच मनाई असते.

गळाभोवती थोडासाच चारा पडावा यासाठी पीव्हीए नावाच्या पदार्थाची जाळी किंवा पिशवी मिळते. ती पाण्यात एक-दोन मिनिटांत विरघळते आणि गळाशेजारी मूठभर चारा नीट रचलेला राहतो. हात ओले असतील, तर ती हातातच विरघळते, हे पावसाळी दिवशी आवर्जून लक्षात ठेवावे लागते.

तरीही ज्या जागी मासा नाही तेथे उत्तम बांधणीही व्यर्थ आहे, म्हणून आमचा पहिला तास काठी न जोडता तळ्याभोवती फिरण्यात जातो. उन्हाळ्याच्या तोंडी नैर्ऋत्येकडून कोमट वारा सुटला, की तो ज्या काठावर आदळतो तेथे कार्प गोळा होतात. कार्प तळाचा गाळ उपसत असतील, तर पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांची रांग उठते. जागा ठरली, की नुसते वजन बांधून फेकायचे, दोरा ताठ धरून ते तळावर कसे आदळते ते बोटाने जोखायचे आणि मग हळूहळू ओढायचे. ठक असा स्पष्ट धक्का बसला तर खडी, मऊ बुडाल्यासारखे वाटले तर गाळ, आणि ओढताना जागीच अडकले तर वनस्पती. खडीच्या जुन्या खाणींत असे उंचवटे आणि खाचा जवळजवळ असतात. गाळावर मी जड गोळीऐवजी तळापासून वर तरंगणारी पॉप-अप गोळी वापरते, नाही तर आमिषच गाळात दिसेनासे होते. जागा सापडली, की दोरा रिळावरच्या लहानशा क्लिपमध्ये अडकवून, एका काठीच्या अंतरावर रोवलेल्या दोन खुंट्यांभोवती गुंडाळत मोजतात. सोळा वेढे म्हटले, की पुढच्या खेपेला अंधारातही गळ त्याच उंचवट्यावर पडतो.

काठीबद्दल थोडक्यात सांगते. ती बारा फुटांची, आणि तिची ताकद पौंडांत सांगतात. तीन पौंड म्हणजे काठीचे टोक काटकोनात वाकवायला तीन पौंडांचा भार लागतो. महागडी काठी घेण्यापेक्षा तेच पैसे चांगल्या गळांवर आणि बेचाळीस इंची जाळ्यावर खर्च करावेत.

तेरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला इंग्लंडमध्ये एन्व्हायर्नमेंट एजन्सीचा परवाना लागतो. साधा परवाना एका वेळी दोन काठ्यांसाठी असतो. नद्यांवर 15 मार्च ते 15 जून कार्प आणि त्यासारख्या माशांची मासेमारी बंद असते. बहुतेक तळ्यांना मात्र ही बंदी लागू नाही. मासा काठावर आला, की त्याला गादीसारख्या जाड ओल्या चटईवरच ठेवायचे, गुडघे टेकून हाताळायचे, गळ काढल्यावर ओठाच्या जखमेवर जंतुनाशक लावायचे आणि जाळ्यात पाण्यात धरून त्याने स्वतः शेपटी हलवेपर्यंत थांबायचे. काही मासे वर्षानुवर्षे त्याच तळ्यात राहतात आणि खवल्यांच्या मांडणीवरून ओळखले जातात. म्हणूनच ही माणसे त्यांना इतक्या हळुवारपणे परत ठेवतात, हे मला आता कळते.

गेल्या सप्टेंबरमध्ये शेजाऱ्यांनी मला माझा एक केस मागितला. पूर्वीची बांधणी मला एकदा दाखवायची त्यांची इच्छा होती. त्यांनी तो गळाच्या बाकाला बांधला, दुसऱ्या टोकाला मक्याचे दोन दाणे अडकवले, आणि सोबत फारसा चारा न टाकता काठाजवळच्या लव्हाळ्यांपाशी गळ हातानेच अलगद सोडला. अंधार पडेपर्यंत काही झाले नाही. मग घंटा वाजली. मासा सतरा पौंडांचा निघाला. चटईवर त्याचे तोंड उघडून त्यांनी टॉर्च धरला आणि मला जवळ बोलावले. मक्याचे दाणे नव्हते, बाकाशी तुटक्या केसाचे बोटभरही न भरणारे टोक उरले होते, आणि गळ खालच्या ओठाच्या अगदी मध्यभागी बसला होता.