माझ्या कॅरेक्टरांच्या घरी कुणीतरी असतं

सोमवार, रात्र

डी-अँड-डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स), म्हणजे फासे टाकत, एकेका कल्पित माणसाच्या भूमिकेत शिरून टेबलाभोवती गोष्ट रचायच्या खेळात, मी आजवर एकही अनाथ कॅरेक्टर बनवलेलं नाही. कॅरेक्टरांची माहिती लिहिलेल्या जुन्या शीटांची फाइल आज काढली आणि सगळी पानं गादीवर पसरली, तेव्हा हे ठळकपणे दिसलं. मिठागरात राबणारी भागी, तिची म्हातारी आई. तरीवरचा गणू, त्याच्या दोन बहिणी, त्यातल्या धाकटीचं लग्न ठरता ठरता मोडलेलं. वैदूपणा करणारी द्वारकाआत्या, तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला. एकदा ड्वार्फ, म्हणजे गोष्टींतल्या बुटक्या जमातीचा, लोहार केला, तर त्यालाही मी सासुरवाडी दिली होती. शेकडो वर्षं जगणारा एल्फ मात्र एकही नाही.

शनिवारपासून पाचपाखाडीतल्या आमच्या टेबलावर नवं कॅम्पेन, म्हणजे आठवड्यामागून आठवडे चालणारी नवी गोष्ट, सुरू होतंय. गोष्ट चालवणारा आमचा डीएम ऐरोलीहून येतो. त्यानं ग्रुपवर लिहिलं, "पहिल्या लेव्हलची कॅरेक्टरं शुक्रवारपर्यंत पाठवा. जागा: खाडीकाठचं जुनं बंदर, बाजूला मिठागरं, वर पडका किल्ला. ताई, तुला आवडेल असं बघ."

टेबलावरच्या बहुतेकांची कॅरेक्टरं अनाथ असतात. गाव जळालं, आईबाप गेले, गुरूचा खून झाला, आता जगात कुणी नाही. असं का करतात ते मला कळतं. साहसाला निघायचं तर पाय मोकळे हवेत. शिवाय डीएमच्या हाती एखादा नातलग दिला की तो पुढेमागे पळवून नेला जाणार, ही धास्ती असते. पण मला पाय अडकलेली माणसं खेळायला आवडतात. ज्याला रात्री घरी पोचायचंय तो गुहेच्या तोंडाशी थबकतो, मागे वळून बघतो, आत काय आहे ते दोनदा विचारतो. ते थबकणंच मला खेळायचं असतं.

भागीचं पान हातात घेतलं आणि खाली ठेववेना. ती किल्ल्याखालच्या भुयारात गेली. आमच्या नियमांत माणसाचे हिट पॉइंट, म्हणजे अंगातला जीव, शून्यावर आले की दर पाळीला डी-ट्वेंटी, म्हणजे वीस बाजूंचा फासा, टाकायचा. १० किंवा जास्त पडलं तर यश, कमी पडलं तर अपयश, आणि तीन अपयशं झाली की संपलं. दोन झाली होती. तिसऱ्या वेळी मी फासा टाकला, ६ आला. कुणी काही बोललं नाही. पुढच्या शनिवारी डीएम भुयाराच्या खालच्या मजल्याचा नकाशा काढून घेऊन आला होता. तेवढ्यात चोराचं कॅरेक्टर खेळणारा आमचा कॉलेजचा मुलगा म्हणाला, "पण मावशी, भागीच्या आईला कोण सांगणार?"

डीएमनं नकाशा गुंडाळून ठेवला. माझ्याकडे तेव्हा कॅरेक्टरच नव्हतं. तो म्हणाला, "ताई, आई तू खेळ."

माझ्या शीटवर भागीच्या आईबद्दल एकच ओळ होती: 'ठकी. डोळ्यांना कमी दिसतं. दिवसाचं मीठ मोजल्याशिवाय झोपत नाही.' तेवढ्या ओळीवर मी ती खेळले. चौघं दारात येऊन उभे राहिले. कसं सांगावं ते कुणालाच सुचेना, प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत होता. शेवटी त्या चोरानंच सांगितलं. ठकी बराच वेळ गप्प राहिली आणि मग तिनं विचारलं, "तिची फळी आणलीत का?" मीठ ओढायची लाकडी फळी भागी सगळीकडे घेऊन फिरायची, सोट्यासारखी वापरायची. ती भुयारातच राहिली होती. मग पार्टी, म्हणजे ते चौघं, पुन्हा त्या भुयारात उतरली ती फळी आणायला. खजिना वाटेतच होता. त्यांनी तो नंतर नेऊ म्हणून तसाच ठेवला.

माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात आवडतं सेशन. त्यात एकही लढाई नव्हती. भागी जर अनाथ असती, तर त्या शनिवारी आम्ही खालच्या मजल्यावर गेलो असतो आणि मी नवी शीट भरत बसले असते.

मंगळवार

फासे आज टाकले. माझी पद्धत जुनी आहे: सहा बाजूंचे तीन फासे टाकून बेरीज, आणि बेरजा पडतील त्याच क्रमानं ताकद, चपळाई, दमखम, बुद्धी, शहाणपण, छाप अशा सहा रकान्यांत. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डी-अँड-डी पहिल्यांदा छापून आला तेव्हा अशीच पद्धत होती. आता बहुतेक ठिकाणी चार फासे टाकून सगळ्यात लहान काढून टाकतात आणि आकडे हवे तिथे लावतात, किंवा फासे न टाकता १५, १४, १३, १२, १०, ८ असे ठरलेले सहा आकडे घेतात. तीन फाशांवर १८ पडायची शक्यता २१६ मध्ये एक. चार टाकून एक काढला की ती साधारण ६२ मध्ये एक होते. आमच्या टेबलावर ज्याला जसं हवं तसं करायची मुभा आहे. चोरवाला मुलगा चार टाकतो, त्याला वाघ हवा असतो.

मला आधी माणूस हवा असतो आणि मग त्याला काय जमतं ते शोधायचं असतं. आकडे मी निवडायला लागले की हात आपोआप ठरलेल्या ठिकाणी जातो, शहाणपण वर, ताकद खाली, आणि पुन्हा एक समजूतदार बाई तयार होते. क्रमानं टाकलं की फासे मला माझ्या सवयीबाहेर ढकलतात.

आज पडले ते असे: ताकद १२, चपळाई ८, दमखम १५, बुद्धी ७, शहाणपण ११, छाप १०. आम्ही २०१४ च्या नियमांवर खेळतो, त्यात मानव घेतला की प्रत्येक आकड्यात एक वाढतो. म्हणजे दमखम १६. बुद्धी ८. जड अंगाची, न दमणारी, हिशेबात फसणारी कुणीतरी. कोण असेल ही?

क्लास, म्हणजे लढवय्या की चोर असा प्रकार, मी सगळ्यात शेवटी ठरवते. आधी काम. हात कशाने घट्टे पडलेत, पहाटे उठून पहिल्यांदा काय करते, कुणाचे पैसे देणं आहे. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, म्हणून माझ्या प्रत्येक कॅरेक्टरच्या डोक्यावर थोडं का होईना कर्ज असतं. कर्ज असलेला माणूस बक्षिसाची रक्कम ऐकल्यावर खरोखर आकडेमोड करतो.

या खेळाच्या मुळाशीही कामाधंद्याचीच माणसं होती, हे मला फार आवडतं. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेस्ली यानं ब्राउनस्टाइन नावाचा खेळ मांडला. तोवर टेबलावरच्या युद्धखेळांत एकेका खेळाडूकडे सैन्य असायचं. त्यानं नेपोलियनच्या काळातलं एक गाव घेतलं आणि एकेका खेळाडूला एकेक माणूस दिला: गावचा महापौर, सावकारी पेढीवाला, विद्यापीठाचा कुलगुरू. आर्नेसन तिथे खेळला होता, आणि पुढचं सगळं तिथून निघालं. म्हणजे तलवारीआधी पेढी होती. २०२४ च्या नव्या पुस्तकात तर कॅरेक्टरचे आकडे वाढतात ते त्यानं आधी कोणतं काम केलं त्यावरून. आम्ही ते नियम अजून घेतलेले नाहीत, पण हा एक बदल मला मनापासून पटला. खांद्याची ताकद वंशातून कमी आणि ओझ्यातून जास्त येते.

आपल्याकडे भारुडात वासुदेव येतो, जोशी येतो, गोंधळी येतो आणि 'मी' म्हणून बोलायला लागतो. त्यांचीही ओळख धंद्यानंच पटते.

बुधवार

शेजारच्या काकांनी उत्तर दिलं. ते पूर्वी रेतीच्या होड्यांचा हिशेब ठेवायचे. संध्याकाळी जिन्यात भेटले, मी म्हटलं, काका, खाडीत कोण असं काम करायचं ज्याला नुसता दम लागायचा? ते लगेच म्हणाले, "डुबीवाले."

लहानपणी कळव्याहून मुंब्र्याकडे जाताना लोकलच्या खिडकीतून त्या होड्या मी पाहिल्या होत्या, पण काठाला पाणी टेकेपर्यंत भरलेल्या. खाली माणूस असतो हे माहीत नव्हतं. काका सांगत होते: होडीला लागून लांब बांबू तळापर्यंत रोवलेला. माणूस श्वास भरतो, बादली घेतो आणि बांबू धरून खाली सरकतो. तळाशी काळोख, डोळे उघडून उपयोग नाही. हातानं चाचपून रेती भरायची, दोरीला हिसका द्यायचा, वरचे बादली ओढतात. मग आपण वर. पुन्हा श्वास, पुन्हा खाली. दिवसभर. "कान जातात गं," काका म्हणाले. "त्यांच्याशी बोलताना आम्ही ओरडूनच बोलायचो."

घरी येऊन पुस्तक उघडलं. नियम असा आहे की श्वास रोखता येतो एक मिनिट अधिक दमखमाचा जो काही फायदा असेल तेवढी मिनिटं. १६ ला फायदा ३. म्हणजे ही बाई चार मिनिटं पाण्याखाली राहू शकते. इतकी वर्षं मी ही ओळ वाचत आले आणि ती कधी लागलीच नाही. चार मिनिटं काळोखात, हातानं चाचपत. अंगावर काटा आला.

हिचाही डावा कान गेलेला. मी लगेच ठरवलं की शनिवारी टेबलाच्या डाव्या टोकाला बसायचं, म्हणजे सगळे माझ्या उजव्या बाजूला येतील. डीएमला कळवलं. त्यानं नियमही करून टाकला: डावीकडून येणारा आवाज ऐकायचा असेल तर दोन फासे टाकायचे आणि लहान आकडा धरायचा. मी म्हटलं, पाहिजेच.

नावाला वेळ लागला. माझी एक जुनी परीक्षा आहे, नाव दारात उभं राहून हाक मारून बघायचं. लांबलचक, अ‍ॅपॉस्ट्रॉफी असलेली नावं हाकेत टिकत नाहीत. जांभळी नाक्याला किंवा चेंदणी कोळीवाड्याकडून येताना बायका एकमेकींना ज्या नावांनी बोलावतात ती टिकतात. चंद्री बघितलं, राधी बघितलं. शेवटी 'हौशी' वर थांबले. बहिऱ्या कानालाही ऐकू जाईल अशी हाक आहे. वय त्रेचाळीस.

वयाचंही तसंच आहे. माझी माणसं चाळिशीच्या पुढचीच असतात. पुस्तकात एल्फ साडेसातशे वर्षं जगतात असं लिहिलंय, आणि तिथेच माझं मन उठतं. इतकी वर्षं हाताशी असणाऱ्याला उद्या जमेल, परवा जमेल. हौशीच्या छातीत अजून किती डुब्या शिल्लक आहेत हे तिला बरोबर माहीत आहे, आणि म्हणून ती किल्ल्यावरचं काम घ्यायला आली आहे.

गुरुवार

टेबलावरच्या मैत्रिणीला फोनवर सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अगं, नाव बदलून तू दर वेळी तीच बाई आणतेस."

मला हे पटत नाही, आणि मी तिला तसं सांगितलं. गणू सफाईनं खोटं बोलायचा, बहिणीच्या लग्नासाठी तर देवाची शपथ घेऊन. द्वारकाआत्यानं कधी कुणाला माफ केलं नाही, पार्टीतल्या एकाला तर शेवटपर्यंत औषध दिलं पण त्याच्याशी बोलली नाही. भागी दयाळू होती. हौशी दयाळू असेल असं मला वाटत नाही. तळाशी जो आपापला श्वास सांभाळतो, तो दुसऱ्याला हात द्यायच्या आधी स्वतःच्या छातीतली हवा मोजतो. हे मी याआधी कधी खेळलेले नाही आणि मला त्याची थोडी भीतीही वाटतेय. चौघांच्यात सारखं एवढंच की कुणीतरी वाट बघतंय. ते मी बदलणार नाही. शीटवर 'बॉण्ड', म्हणजे कॅरेक्टर कशाशी बांधलेलं आहे, असा रकाना असतो, त्यात लोक शपथ लिहितात, सूड लिहितात, देवळाचं नाव लिहितात. मी माणसाचं नाव लिहिते.

हौशीच्या त्या रकान्यात: 'भाऊ. होडीवर दोरी तोच धरायचा. सहा महिन्यांपासून येत नाही.' का येत नाही ते लिहिलेलं नाही, भावाचं नावही नाही. अर्ध्या पानाच्या पुढे मी कधी जात नाही आणि एक-दोन जागा डीएमसाठी रिकाम्या ठेवते. सगळं भरून दिलं की त्याला आत शिरायला वाट राहत नाही. भागीची फळीही अशीच एका रिकाम्या जागेतून आली होती.

क्लास फायटर, म्हणजे लढवय्या. तेरा हिट पॉइंट. आर्मर क्लास, म्हणजे तिला वार लागायला शत्रूला फाशावर लागणारा आकडा, फक्त ९, कारण चपळाई नाही आणि चिलखत ती घालणार नाही, पाण्यात बुडवेल. पैशाचे फासे टाकले तर १२० सोन्याची नाणी आली. शंभर सावकाराला. दोर पन्नास फूट, १ नाणं. बादली, तांब्याची ५ नाणी. उरलेलं तिनं घरी ठेवलं.

डीएमचा मेसेज आला: "ताई, हत्यार राहिलं. लढणार कशानं?"

बांबूनं. आधी मी क्वार्टरस्टाफ, म्हणजे सोटा, लिहिलं होतं, पण मग पाण्याखालच्या लढाईचं पान काढलं. सोटा तिथे नीट चालत नाही, दोन फासे टाकून लहान धरावा लागतो. भाला चालतो. तेव्हा हौशीनं होडीच्या जुन्या बांबूचं एक टोक तासून घेतलं आहे. नियमात भाला, किंमत १ सोन्याचं नाणं, एका हातानं मारला तर इजेला डी-सिक्स, म्हणजे सहा बाजूंचा फासा, दोन्ही हातांनी डी-एट, आठ बाजूंचा. पैसे मी वजा केले आणि शीट पाठवून दिली.